अर्धा सांगितलेला नियम

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला फिट आली तेव्हा खोलीत मी एकटा होतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी ती पाहिली. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. तिच्या माहेरची माणसं आमच्याकडे येऊन बसली आणि सगळ्यांनी मिळून मला विचारलं, त्या दिवशीही नाही. त्या दिवशी मी दुसरंच काहीतरी बोललो. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर कदाचित इतकं चाललं नसतं.

मी मेडिकल कोडर आहे. लालबागमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे कॉम्प्युटरचं ना? मी हो म्हणतो. आई शेजारच्यांना सांगते, "हॉस्पिटलाच्या कामात आसा." त्यामुळे चाळीत कोणाला पित्त झालं, कोणाच्या नातवाला पुरळ उठलं की माझ्याकडे विचारायला येतात. आधी मी सांगायचो की मला त्यातलं कळत नाही. मग सांगणं सोडलं. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

काम असं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधले डॉक्टर पेशंटला तपासून टिपण लिहितात. ते टिपण माझ्यासमोर येतं. त्यात लिहिलेल्या प्रत्येक आजाराला एक ठरलेला नंबर असतो, तो मी द्यायचा. त्या नंबरावर त्यांच्या विमा कंपन्या बिल मंजूर करतात. पेशंट मी कधी पाहत नाही. नाव झाकलेलं असतं. बी.एस्सी. होऊन बरीच वर्षं मी औषधांची बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाहेर बसलो, आणि केस पिकायला लागल्यावर परळच्या एका ऑफिसात या कामाला लागलो. पूर्वी तिथे गिरणी होती. माझे वडील जिथे आयुष्यभर उभं राहून काम करायचे, त्याच आवारात मी बसून करतो, एवढाच फरक, असं एकदा गमतीने म्हटलं होतं. आईला ते आवडलं नव्हतं.

माझ्याकडे जो विभाग आहे तो अचानक येणाऱ्या आजारांचा. फिट, अर्धशिशी, थोड्या वेळासाठी होणारा आणि आपोआप ओसरणारा पक्षाघात, बोलता बोलता लागणारी झोप. पुस्तकात हे सगळे शेजारी शेजारी आहेत. येतात, जातात, आणि मधल्या वेळात माणूस तुमच्याआमच्यासारखा असतो. या आजारांची एक अडचण अशी की ते डॉक्टरसमोर होत नाहीत. डॉक्टर तपासतो तेव्हा पेशंट धडधाकट बसलेला असतो. म्हणून टिपणात बहुतेक सगळं ऐकीव असतं. पत्नीने सांगितले की डोळे वर गेले. मुलाने पाहिले की उजवा हात आधी आखडला. घरचं कोणी पाहिलेलं नसेल तर टिपण एकदम तोकडं होतं. दोन ओळी. मला ती टिपणं आवडायची, लवकर उरकायची.

आम्हांला शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "समोर सोनोग्राफी आहे, बाळाचे ठोके आहेत. पण डॉक्टरने गरोदर आहे असं कुठे लिहिलेलं नाही. बाई गरोदर आहे का?"

सगळे म्हणाले, "हो."

"नाही. लिहिलंय? मग नाही. पुढे चला."

वर्ग हसला. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, नवव्या महिन्यात तरी लिहितील ना?" तर म्हणाल्या, "नाही लिहिलं तर तेव्हाही नाही. बारसं झालं तरी नाही." हा आमचा पहिला नियम. आपल्याला काय दिसतं, काय वाटतं, याला किंमत नाही. मला हा नियम मनापासून पटला. माझा स्वभावच तसा आहे.

दुसरा नियम संशयाचा. तो इथे सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. डॉक्टर पुष्कळदा ठाम लिहीत नाही. 'फिटचा संशय', 'फिट असण्याची शक्यता', असं लिहितो. मग काय करायचं? पेशंट नुसता तपासून घरी गेलेला असेल, तर संशय धरायचा नाही. आजाराचा नंबर द्यायचा नाही, फक्त जे दिसलं त्याचा द्यायचा. चक्कर, बेशुद्धी, पडणं. पण पेशंट दाखल होऊन राहिला असेल आणि घरी सोडतानाही डॉक्टरने तोच संशय कायम ठेवला असेल, तर तो आजार आहेच असं धरून नंबर द्यायचा. शब्द तोच. एका ठिकाणी त्याचा अर्थ नाही, दुसऱ्या ठिकाणी आहे. हे असं का, ते मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हा बिलाचा नियम आहे. पेशंटला रोग आहे की नाही ते याने ठरत नाही. ते डॉक्टर ठरवेल. घोळ करू नका." मी घोळ केला नाही. ऑफिसात तर कधीच नाही.

भावाने लग्न स्वतः ठरवलं. तो विमानतळावर मालाच्या विभागात आहे, पाळी बदलती. ती दादरच्या एका साड्यांच्या दुकानात होती. माहेर शीव कोळीवाड्यातलं, आई बाजारात मासे विकायला बसते. आमच्या आईला मासळी लागते रोज, पण मासळीवालीची मुलगी सून म्हणून नको होती. "आवाज बघ तिचो," एवढंच म्हणायची. खरं तर तिचा आवाज मोठा नव्हता. आमच्या घरात बोलणंच कमी. त्यात तिचं हसणं ऐकू यायचं.

ऑफिसने घरून काम करायला सांगितलं ते पुढे बरेच दिवस तसंच राहिलं. एक खोली, एक स्वयंपाकघर, त्यातच मोरी. गॅलरीकडच्या खिडकीशी माझं टेबल. मी लग्न केलं नाही. त्यामागे काही गोष्ट नाही, राहून गेलं. दिवसभर घरात मी, आई आणि ती. मी कानाला हेडफोन लावून बसायचो. त्यात बहुतेक वेळ काही चालू नसायचं. आपल्याशी कोणी बोलू नये म्हणून लावायचो.

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर ती पहिल्यांदा दुकानात पडली. मालकाने रिक्षाने घरी पाठवलं आणि पुन्हा बोलावलं नाही. मग घरात पडायला लागली. दर वेळी असं व्हायचं की भांडं पडल्याचा आवाज यायचा, आम्ही जाईपर्यंत ती जमिनीवर. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. मग रडायची, मग झोपायची. सुरुवात कोणीच पाहिलेली नसायची. आणि शेवट पाहिला तर तो रुसून पडलेल्या माणसासारखाच दिसतो.

आई म्हणायची, "भांडी घासूची येळ झाली काय हिका येता. जेवच्या येळेक येना नाय कधी."

भाऊ म्हणायचा, "आई, गप बस ना."

"मी गप बसतंय. तू बस तिच्या उशाक."

तो बसायचा थोडा वेळ. मग पाळीला जायचा. राहायचो मी.

त्या दिवशी आई समोरच्या इमारतीत बारशाला गेली होती. मी टिपण वाचत होतो. कुठलं ते आठवत नाही. लोक सांगतात तशी मला त्या वेळची बारीकसारीक गोष्ट आठवत नाही. एक आवाज आला तो आठवतो. किंकाळी नव्हे. छातीतली सगळी हवा कोणीतरी दाबून बाहेर काढावी तसा. मी वळलो तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती, ताठ, मान एका बाजूला ओढली गेलेली. मग ती पडली. मग तिचे हातपाय हलायला लागले, एका लयीत, दोन्हीकडचे. ओठ निळे पडले. मी हे वाक्य इंग्रजीत शेकडो वेळा वाचलेलं होतं.

काय करायचं ते मला माहीत होतं. तेही वाचलेलंच. मी तिला कुशीवर वळवलं. डोक्याखाली हात धरला, कारण लादीवर डोकं आपटत होतं. तोंडातून फेस आला, त्यात रक्त होतं, जीभ चावली गेली होती. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. टिपणांत मिनिटं लिहिलेली असतात. ती कोणीतरी घरच्याने अशीच अंदाजाने सांगितलेली असणार, हे मला तेव्हा कळलं.

मग ती सैल पडली. घोरल्यासारखा श्वास. बऱ्याच वेळाने डोळे माझ्यावर आले, पण त्यात ओळख नव्हती. मग आली.

"भावोजी, मी पडले?"

"हो."

तिने उठायचा प्रयत्न केला आणि खाली पाहिलं. गाउन ओला झाला होता, लादीही. मी दुसरीकडे पाहिलं. तिने गाउन गुडघ्यांवर ओढला आणि म्हणाली, "कोणाला सांगू नका. ह्यांनापण नाही. माझ्या गळ्याची शपथ."

मी म्हणालो, "नाही सांगत."

ती मोरीत गेली. मी फडकं घेतलं आणि लादी पुसली. फडकं मोरीत पिळायचं तर ती आत, म्हणून बादलीत पिळलं आणि गॅलरीत वाळत टाकलं. मग टेबलाशी येऊन बसलो. आई आली ती घुगऱ्यांची पुडी घेऊन. लादीकडे बघून म्हणाली, "आज लादी कोणी पुसली?"

"पाणी सांडलं माझ्याकडून."

"पुसलस पण? सूर्य खंयसून उगवलो?"

आणि हसत घुगऱ्या वाटीत काढून दिल्या. मी खाल्ल्या. त्या दिवसाचं काम मी पूर्ण केलं. नंतर तपासणी झाली त्यात एकही चूक निघाली नाही.

इथे मला नीट लिहायला हवं. इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो की मी तिला शब्द दिला होता. शब्द ओल्या कपड्यांचा होता. फिट मी पाहिली, ती खरी होती, एवढं सांगायला तो मोडावा लागला नसता. मी सांगितलं नाही त्याचं कारण वेगळं. आजार खरा ठरला की तिच्याकडे लक्ष ठेवायला कोणीतरी लागणार. ती गॅसपाशी असताना, कपडे वाळत घालायला गॅलरीच्या कठड्याशी असताना. आणि दिवसभर घरात असतो तो मी. मोरीत जाताना कडी लावू नकोस, हे तिला सांगणारा मोठा दीर मी. आईच्या देखत सांगणारा. मला ते नको होतं. आणखी एक होतं. पुन्हा कधी मला तिचं डोकं हातात धरायला लागेल, आणि त्या वेळी आई बारशाला गेलेली नसेल. आई एकच वाक्य बोलली असती. ते कुठलं तेही मला माहीत होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. इतकंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, ते सापडलं नाही.

काही दिवसांनी भाऊ तिला नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी कागदावर लिहिलं की फिटचा संशय वाटतो, मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून घ्यावा. मोठ्या हॉस्पिटलातली तारीखही मिळाली. आईने तारीख ऐकली आणि म्हणाली, आधी तिच्या माणसांना बोलवा. डोक्याच्या तपासण्या सुरू झाल्या की चाळीत बोभाटा होणार, हे आमच्या घरी येऊन झालं असं कोणी म्हणायला नको, त्यांच्यासमोर काय ते ठरू दे.

ते रविवारी सकाळी आले. तिची आई आणि मोठा भाऊ. सोबत सुक्या बोंबलांची पिशवी. आईने ती घेतली, आणि तिची आई बसल्या बसल्या म्हणाली, "माजी पोर ढोंग करनारी नाय. बाजारात माज्यासंगं बसलीय, पाटी उचललीय, कधी पडली नाय."

"मगे हंयच कशी पडता?" आईने विचारलं.

"तेच तर विचारायला आलूय."

"आमी ढकलतो काय तिका?"

भाऊ म्हणाला, "आई."

"आई काय? तू घरात आसतंस? तू इमानाखाली बॅगो मोजतंस. हयसर बघूक लागता माका."

तिचा भाऊ शांत होता. पोर्टवर कामाला होता. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही त्याच लायनीतले. दिवसभर घरीपण असता. तुम्ही सांगा. आजार आहे का नाही? असेल तर आम्ही धावपळ करू, पाठी नाही हटणार. नसेल तर तिला चार कानाखाली मीच देतो."

ती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. भावाने डॉक्टरचा कागद माझ्या हातात दिला. माझ्या आयुष्यात एवढी माणसं माझ्या बोलण्यासाठी कधी थांबलेली नव्हती.

मी कागद वाचला आणि म्हणालो, "डॉक्टरांनी संशय लिहिलाय. आजार आहे असं लिहिलेलं नाही. आमच्याकडे नुसता संशय असला की आजार धरत नाहीत. बेशुद्धी, पडणं, एवढंच धरतात."

"म्हणजे आजार नाय?"

"नियमाप्रमाणे नाही."

आई म्हणाली, "आयकलास? अमेरिकेतसुद्धा धरीत नाय."

नियमाची दुसरी बाजू मी सांगितली नाही. हा नियम बिलाचा आहे, हेही नाही. जे पाहिलं ते तर नाहीच. मी कागदाची घडी घातली आणि भावाला परत दिला. तिने ट्रे खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की राग असेल. राग नव्हता. तिचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता. मी लादीबद्दल बोललो नाही, एवढंच तिला कळलं होतं.

तिच्या भावाने कपाळाला हात लावला. मग तिला म्हणाला, "चल घरी. चार दिवस राहा. डोकं थंड कर." त्याने कानाखाली वगैरे काही दिलं नाही. बॅग स्वतः उचलली. जाताना तिची आई उंबऱ्यात थांबली आणि मला म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमी बोलले म्हंजे झालं."

आलेखाची तारीख आली आणि गेली. तिच्या माहेरीही कोणी तिला हॉस्पिटलात नेलं नाही, निदान लगेच नाही. चार दिवसांचे पुष्कळ झाले. भाऊ सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी शीवला जायचा, मग फोन करायचा, मग फोनही जेवण झाल्यावर एकदा. पुढे कळलं की मासे तळताना तिला फिट आली आणि कढईतलं तेल हातावर सांडलं. त्यानंतर तिथल्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. फिट्सच. गोळ्या सुरू झाल्या.

आईने हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "म्हणजे आजार होतोच. लपवून दिल्यानी आमका."

दुसऱ्या दिवशी भावाने कामावरच्या कोणाकडून तरी एका वकिलाचा नंबर आणला. आता वर्ष होत आलं, त्याचं वकिलाकडे जाणं सुरू आहे. म्हणणं हेच की आजार लपवून लग्न लावलं. ज्या खोलीत आजार नाही असं ठरलं, त्याच खोलीत बसून तो हे बोलतो. मी तेव्हा हेडफोन लावतो. रागही येत नाही. रागासाठी जी जागा लागते तिथे माझं काहीतरी बधिर झालेलं आहे. परवा ऑफिसात एका टिपणात वाचलं, घरच्यांनी संपूर्ण घटना पाहिली आहे. तर मी ती ओळ वाचून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो आणि नंबर दिला.

या पावसाळ्याच्या शेवटी ती मला दादरला भेटली. मी फुलबाजारात आईच्या सांगण्यावरून शेवंती घ्यायला गेलो होतो. मागून हाक आली, "भावोजी!" मी आधी वळलो नाही. मला भावोजी म्हणणारं एकच माणूस होतं.

लांब बाह्यांचा कुर्ता, हातात पिशवी. बारीक झाली होती, पण तेच हसणं.

"वाळलात हो. जेवायला कोण घालतं?"

"आईच."

"मग बरोबर," असं म्हणून ती हसली, आणि मलाही हसू आलं. आम्ही रसवंतीच्या दुकानापाशी उभे राहिलो. रस तिनेच मागवला. बिनबर्फाचा, म्हणाली, गोळीने घसा कोरडा पडतो. बाही वर सरकली तेव्हा भाजल्याचा डाग दिसला. माझी नजर तिथे गेल्याचं तिने पाहिलं.

"हे काही नाही. सुरमईपण गेली त्यात. आई हातासाठी रडत होती का सुरमईसाठी, ते अजून कळलं नाही."

मग आपणहून सांगायला लागली. "पहिल्यांदा गेलो ना हॉस्पिटलात, डॉक्टर विचारत होते, कोणी पाहिलंय का? सुरुवातीपासून? जीभ चावली जाते का, कपडे ओले होतात का? मी म्हटलं, नाही, कोणी नाही पाहिलं."

मी रसाचा घोट घेतला.

"तुमचं नाव कशाला घेऊ? माझा दादा समोर बसलेला. म्हणेल, मोठा दीर काय करत होता तिथे. मग डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर बघणाऱ्याला घेऊन या. मग ते तेलाचं झालं. आई समोर होती, तिने सगळं धडाधड सांगितलं. साभिनय. वॉर्डातले लोक गोळा झाले. आता काय लाज उरली नाही मला."

ग्लास ठेवून ती म्हणाली, "पण तुम्ही तेव्हा तेवढं बरं केलंत हां. सगळ्यांसमोर बोलला नाहीत. मी ट्रे घेऊन उभी, म्हटलं आता सांगतील. नाही सांगितलंत. थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं."

मी म्हणालो, "ठीक आहे."

हे मी म्हणालो. तिने आभार मानले आणि मी ते घेतले. रसवंतीवाल्याला पैसे द्यायला हात खिशात घातला तर तिने देऊनही टाकले होते.

निघताना मी विचारलं, "घरी येणार?"

"कोणाच्या?" ती म्हणाली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "यायचं की नाही ते मी बघीन. पण ह्यांना एक सांगा. मी लपवलं नव्हतं. मला स्वतःला माहीत नव्हतं, तर लपवू काय? माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात. एवढं सांगाल?"

"सांगतो."

ती फुलबाजाराच्या गर्दीत गेली. मी शेवंती घेतली आणि घरी आलो. आईने फुलं पाण्यात ठेवली. भाऊ आला, जेवला, झोपला. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता नवरात्रही होऊन गेलं.

लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं की लिहून काहीतरी सुटेल. तसं झालेलं नाही. लिहिणंही माझ्यासाठी सोपंच आहे. समोर कोणी नसतं.

मी तिचं काय देणं लागतो ते मला स्पष्ट माहीत आहे. आईसमोर, भावासमोर, तिच्या आईला आणि तिच्या भावाला पुन्हा बोलावून, त्याच खोलीत, मला सांगायचं आहे की मी फिट पाहिली होती, ती खरी होती हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही मी त्यांना अर्धा नियम सांगितला. तिने काही लपवलं नव्हतं, लपवलं ते मी. आणि तिला सांगायचं आहे की तिने माझे आभार मानायला नको होते. यातलं अजून काहीच मी सांगितलेलं नाही.